गुडघे तिकडं, हाक इकडं

पोरगी आली वही घेऊन, मे संपता संपता, भर उन्हात.
तिबिल्यांची अनुजा. हिच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात.
म्हणाली, आजी, घरात माणसं किती?
म्हटलं, मी, आणि भिंतीवरचे हे.
तिनं लिहिलं : एक.

जिना चढता येतो का?
गोळ्या कुठल्या चालू आहेत?
रात्री दार कोण उघडतं?
म्हटलं, बाई, सोयरीक जमवायला आलीयास का?
हसली नाही. घाम पुसला, पान उलटलं.
पट्टीनं आखलेले दोन रकाने :
मदत लागणार. मदत करणार.
मला डावीकडं टाकलं, विचारलंसुद्धा नाही.

गंगावेशीच्या खाली आमचा बोळ,
नदीला घरन् घर तोंडपाठ.
त्या साली पाणी चोरासारखं आलं नाही,
जावयासारखं आलं, आठ दिवस राहिलं.
मधल्या खोलीत बटणांच्या वर तपकिरी रेघ आहे.
तीनदा चुना दिला, ती पुन्हा वर येते.
मोमीनांची म्हातारी दोन रात्री
कपाटावर बसून होती, भिंतीपलीकडं,
आणि आम्ही समजत होतो, लेकीकडं गेलीय.

म्हणून ही वही.

तालमीच्या पोरांनी काढली.
हीच पोरं फुटबॉलच्या दिवसांत
पलीकडच्या पेठेतल्या पोरांशी बोलत नाहीत.
त्यांचीच नाव मागून आणली,
भोक पडलेली. डांबर लावून बुजवली.
उपाध्ये सरांनी दार उघडलं नाही,
साखळीतनंच म्हणाले, वर्गणी दिलीय मागच्या महिन्यात.
चौथ्या खेपेला पोरांनी फटीतनं चिठ्ठी सरकवली :
बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट झालं की आम्ही येणार.

जूनच्या दुसऱ्या रविवारी तालमीनं तालीम केली.
आभाळ कोरडं. पण धरायचं, पाणी आलंय.
सरवरनं जोतीकाकांना पाठंगुळी घेतलं,
तंबाखूची पुडी राहिली म्हणून
अर्ध्या वाटेतनं काका त्याला माघारी फिरवून घेऊन आले.
आणि सगळी वरात तटली शेळक्यांच्या गोठ्यापाशी.
चार म्हशी. हलेनात.
एकानं शेपटी पिळली,
एकानं गाडीचा सायलेन्सर काढला, पाडव्याला पळवतात तसं.
बोळभर धूर.
म्हशी रवंथ करीत पोरांकडं बघत राहिल्या,
फुकट्या पाहुण्यांकडं बघावं तशा.

मी उंबऱ्यात तूर निवडत होते.
तीस वर्षं दूध कट्ट्यावर काढलीत मी,
गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार,
मिशीला फेस लागेपर्यंत.
सूप खाली ठेवलं.
उठले नाही. गुडघे उठू देत नाहीत.
बसल्या जागी हाक दिली,
बारा वर्षं घशात पडून असलेली :
आऽऽ हुर्रर्र, ये गं चांदेऽऽ

थोरली, माझ्याच चांदीची लेक, रेडकू असताना विकलेली.
आधी तिचा कान वळला,
मग मान,
मग अख्खी म्हैस.
तिच्यामागं तिघी,
त्यांच्यामागं पोरं, शेणात चपला रुतवत.

सांजच्याला अनुजा आली वही घेऊन.
उजवीकडं घालते म्हणाली, डावीकडचं नाव खोडायला लागली.
मी हात धरला.
खोडू नको. खरं आहे ते.
गुडघे तिकडं लिही,
हाक इकडं.

तिला ते आखणीत बसवता येईना.
शेवटी रेघेवरनंच आडवं लिहिलं माझं नाव,
खाली मोमीनांच्या म्हातारीचं, तिला पाण्याचा वास आधी येतो,
मग जोतीकाकांचं, ते गाठी मारतात, सुटत नाहीत अशा.
पान सगळं बिघडलं. पोरगी बघतच बसली त्याच्याकडं.

सरवर रोज येतो हाक शिकायला.
अजून तरी त्याच्या हाकेला
शेळक्यांचं कुत्रं तेवढं येतं.

काल रात्री बोळात पोरं नाव उलटी घालत होती.
उपाध्ये सरांच्या खिडकीतनं आवाज आला,
किती फूट झालं रे?
बावीस, सर. झोपा तुम्ही.

खिडकी काही लागली नाही मग.